चार बोटं

एप्रिल आला की इद्रियाच्या शाळेत आम्ही मुलं मोजतो.
उंची, वजन, साठ मीटर धाव,
दांड्याला धरून किती वेळ लटकतोस ते,
आणि शेवटी वाकणं.
लाकडी पेटीवर उभं राहायचं, पाय जुळलेले, गुडघे सरळ,
आणि बोटांच्या टोकांनी पट्टीवरची चकती
ढकलत न्यायची खाली,
अंग जाऊ देईल तिथवर.
पायाचा अंगठा येतो चाळिसावर.

येर्नेय क्रिव्हेक, सातवी ब:
छत्तीस.

"परत," तो म्हणाला.
परत छत्तीस.
तिसऱ्या वेळी त्यानं गुडघे चोरले,
अगदी केसभर.
मी नुसता हात ठेवला तिथं, दाबला नाही,
आणि हाताला लागली धोंडशीर,
कपडे वाळत घालायच्या तारेसारखी
थरथरणारी.

मागे कुणी फिसकन हसलं.
नेझा असेल. ती अठ्ठावन्नला पोचते
आणि वर येताना वेणी अशी झटकते
की जमिनीनं तिला एकटीलाच आवतण धाडलं होतं.

गेल्या एप्रिलात हा मुलगा माझ्या खांद्याला लागत नव्हता.
आता माझ्या डोक्यावरून त्याला खिडकी दिसते.
एका वर्षात अकरा सेंटिमीटर.
कार्डावर आकडा चढतो, पण हे चढत नाही
की हाड रात्रीतून निघून जातं पुढच्या गावाला
आणि स्नायू मागे राहतो चपला शोधत,
"थांब ना रे" करत.
त्यात सहा तास बाक, एक तास बस,
मग संध्याकाळी पाय मुडपून फोन.
बसलेल्या शरीराला बसणंच पाठ होतं.

हे त्याच्या आजोबांना सांगायला गेले.
अठ्ठावीस वर्षं काढली त्यांनी पाऱ्याच्या खाणीत,
माणूस उभा मावत नाही अशा बोगद्यांत.
म्हणाले, "बाई, आमच्या घराण्याच्या वाट्याचं वाकणं
मी संपवून ठेवलंय.
पोरगा ताठ आहे ना? असू दे ताठ.
मोडेल पण वाकणार नाही."
आणि चहाचा कप उचलायला
टेबलाची कड धरून
तीन टप्प्यांत पुढे झाले.

मोडतं ते असंच, हे ओठांवर आलं होतं.
चहा चांगला होता. मी प्यायले.

कोपऱ्यात, गोल उशीवर, अर्धी विणलेली लेस.
बारा जोड्या रिळं, टाचण्या, पांढरं सूत.
येर्नेयची. वर्गात कुणाला माहीत नाही,
तुम्हीही सांगू नका.
मी हात लावला तसा तो धावला:
"ओढू नका, बाई!
ओढलं की तुटतं, नाहीतर नक्षी आखडते.
रिळाला नुसतं लोंबू द्यायचं.
त्याचं वजन बघून घेतं काय ते."

बावीस वर्षं मी मुलांवर ओरडत आले,
"अजून! अजून थोडं! दे झटका!"

आता तासाच्या शेवटी आम्ही लोंबतो.
सगळी सातवी ब, एका ओळीत,
मान सैल, हात सैल, गुडघे हवे तर थोडे मऊ.
कुणी मोजत नाही.
नेझा दुसऱ्या मिनिटाला कंटाळते,
इथं तिला जिंकता येत नाही.
येर्नेय श्वास सोडताना काहीतरी पुटपुटतो.
जवळ गेलं की ऐकू येतं:
फुली, पीळ, फुली, पीळ.

जूनच्या शेवटी मी व्यायामशाळेचं कपाट आवरत होते.
तो आला. पेटीकडे बघितलं. चढला नाही.
बुटाची नाडी सुटली होती.
एरवी पाय पायरीवर ठेवून बांधतो.
या वेळी उभ्या उभ्याच वाकला.
बोटं खाली गेली, नडगीशी थांबली,
कुणाची तरी वाट बघितल्यासारखी तिथंच राहिली,
मग आणखी जराशी गेली.

मी पाठ फिरवून चेंडू मोजत राहिले.
नाडी बांधायला त्याला
बराच वेळ लागला.